हायवे पूर्ण झाला म्हणजे नक्की काय झालं?

गणपतीला महिना राहिला की आमच्याकडे कोकणात एकच विषय असतो, मुंबई-गोवा हायवे. कुठे डायव्हर्जन आहे, माणगावात किती वेळ लागला, कशेडीच्या बोगद्यातनं गाड्या सोडतायत का, रात्री निघालेलं बरं की पहाटे. आणि त्याच्या पाठोपाठ दरवर्षीचं भांडण. एक बाजू म्हणते २०११ ला सुरू झालेलं काम अजून पुरं होत नाही, सरकारला लाज वाटली पाहिजे. दुसरी बाजू म्हणते अहो बहुतेक झालंय, एवढे टक्के झालेत, उरलेलं पण होईल, जरा चांगलं बघायला शिका. आता त्यात एमएसआरडीसीच्या, म्हणजे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाच्या, नव्या कोकण एक्स्प्रेसवेची भर पडलीय, पेण तालुक्यातनं थेट गोव्याच्या सीमेपर्यंत सहा पदरी, आणि लगेच आणखी दोन गट पडले, एकाला त्यात कोकणचा उद्धार दिसतो आणि दुसऱ्याला कोकणचा नाश. मी हायवेच्या कडेच्या गावात राहतो, आणि मला या चारही बाजूंचं बोलणं ऐकून एवढंच वाटतं की रस्ता कशासाठी आणि कुणासाठी हे सोडून आपण सगळं बोलतोय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आहे तो हायवे खरोखर पूर्ण होईपर्यंत नव्या एक्स्प्रेसवेसाठी मोजणीचा दगडसुद्धा रोवू नये. आणि 'पूर्ण' कशाला म्हणायचं ते काँक्रीट किती किलोमीटर झालं यावर ठरवू नये, डोंगराचं पाणी कुठनं जातं, कापलेली दरड उभी राहते का आणि गावातला माणूस रस्त्याच्या पलीकडे कसा जातो, यावर ठरवावं.

आधी टक्क्यांचं बघू. पोफळीच्या बागेला ज्यांनी पाटाचं पाणी लावलंय त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. पाट वरपासून कितीही नीट सारवलेला असूदे, मध्ये एका जागी वीतभर फुटला की खालच्या झाडाला पाणी पोचत नाही. पाट नव्वद टक्के शाबूत आहे म्हणून खालच्या पोफळींना नव्वद टक्के पाणी मिळालं असं कधी झालंय का? रस्त्याचं तसंच आहे. वर्षानुवर्षं रखडले ते तुकडे बघा, रायगडातले इंदापूर आणि माणगावचे बायपास, संगमेश्वरची बाजारपेठ, रत्नागिरीजवळचे निवळी, हातखंबा, पाली. म्हणजे जिथे गाडी मुळात अडकते, जिथे चढ-उतार आहे, जिथे बाजार रस्त्याला टेकलाय, तेच राहिले आणि मोकळ्या माळावरचं काँक्रीट आधी झालं. मग त्या टक्क्याला अर्थ काय? चिपळूणहून रत्नागिरीला पेशंट घेऊन निघालेल्या ॲम्ब्युलन्सला तो टक्का कुठे दिसतो?

आणि पाऊस, जांभा, डोंगर ही कारणं मला कुणी सांगू नयेत. राजापूर सोडलं की खारेपाटण, तळेरे, कणकवली, कुडाळ, झाराप, तिथलं चौपदरीकरण इकडच्यापेक्षा कितीतरी आधी झालं. झारापच्या पुढचा गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंतचा तुकडा तर त्याच्याही आधीचा. तिथे पाऊस कमी पडतो का? तिथे जांभा नाही? कायदा वेगळा होता? तोच पाऊस, तीच माती, तेच सरकार, आणि तरी आरवलीपासून वाकेडपर्यंत लोकांनी किती पावसाळे खड्ड्यांत काढले ते त्यांनाच माहीत. फरक पडला तो कामाच्या वाटणीत. पनवेल ते इंदापूर हे ८४ किलोमीटर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, इंदापूर ते झाराप राज्याच्या बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे, त्याचे पुन्हा दहा तुकडे, प्रत्येक तुकड्याला कॉन्ट्रॅक्टर, त्याच्या खाली सब-कॉन्ट्रॅक्टर. जिथला कॉन्ट्रॅक्टर टिकला तिथे रस्ता झाला, जिथला बसला तिथे सगळंच बसलं, आणि पूर्ण रस्ता माझा आहे असं म्हणणारा एक माणूस पनवेलपासून बांद्यापर्यंत कुणालाच सापडला नाही.

आता पाण्याचं. कोकणाचा नकाशा डोळ्यासमोर आणा. सह्याद्री पूर्वेला, समुद्र पश्चिमेला, त्यामुळे आमच्या सगळ्या नद्या, पऱ्ये, व्हाळ पूर्वेकडनं पश्चिमेकडे जातात आणि हायवे जातो उत्तरेकडनं दक्षिणेला. म्हणजे हा रस्ता पाण्याला आडवा घातलेला बांधच आहे, त्याला भोकं कुठे आणि केवढी ठेवली यावर खालच्या गावाचं सगळं अवलंबून. आमच्या वाडीजवळ जुन्या रस्त्याखाली तीन मोऱ्या होत्या, छोट्याच, चिऱ्याच्या, पण तीन. नव्या रस्त्याचा भराव पुरुषभर वर आला आणि तीनच्या जागी एक मोठी काँक्रीटची मोरी आली. कागदावर बघितलं तर तिची जागा तीन मोऱ्यांपेक्षा जास्तच भरेल. पण पूर्वी तीन ठिकाणी वाटून जाणारं पाणी आता एका तोंडातनं येतं, आणि ते तोंड उघडतं शेजारच्या तात्यांच्या खाचरात. पहिल्याच पावसाळ्यात लावणीच्या चार दिवस आधी त्यांचा तरवा, म्हणजे भाताची रोपं, गेला. मी सकाळी बघायला गेलो तेव्हा खाचरात गुडघाभर तांबडी माती, तिच्यात रस्त्याची खडी आणि मध्ये मध्ये हिरवी टोकं वर आलेली, बांध कुठे होता ते कळत नव्हतं. तात्या काही बोलले नाहीत, वाकून एक एक खडी उचलून गडग्याकडे टाकत होते. साईटवरच्या इंजिनिअरला आम्ही जाऊन भेटलो, तो मुलगा बोलायला चांगला होता, त्याने ड्रॉइंग काढून दाखवलं आणि म्हणाला, "काका, ड्रॉइंगमध्ये इथे एकच मोरी आहे." खरंच एकच होती. ड्रॉइंग काढताना कुणी पावसात येऊन बघितलं असतं, किंवा वाडीतल्या एका म्हाताऱ्याला विचारलं असतं तर तीन निघाल्या असत्या. तो तुकडा आज सरकारी हिशोबात पूर्ण आहे.

दरडींचंही तेच. जांभ्याच्या डोंगराचा स्वभाव असा की वर कडक कातळ आणि खाली मऊ चिकण माती, कातळाच्या भेगांतनं पाणी खाली झिरपतं आणि त्या मातीत साचतं, डोंगराचा पाय उभा कापला की ती माती वरचं सगळं घेऊन निघते. परशुराम घाटात हेच होत राहिलं, २०२२ च्या उन्हाळ्यात रोज दुपारी काही तास घाट बंद ठेवून काम करावं लागलं, वर गाव, खाली गाव आणि मधोमध कापलेला डोंगर. काहीजण म्हणतील की डोंगर आहे, दरड येणारच, त्याला सरकार काय करणार. त्यांना मी कोकण रेल्वेची आठवण करून देईन. १९९० ला कॉर्पोरेशन झालं, १९९८ च्या २६ जानेवारीला रोह्यापासून कर्नाटकातल्या ठोकूरपर्यंत साधारण ७४० किलोमीटरचा मार्ग खुला झाला, नव्वदच्या वर बोगदे, सगळं याच डोंगरांतनं. ही रेल्वे आणणारे मधू दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस, ती बांधणारे श्रीधरन, ही नावं आजही आमच्याकडे मायेने घेतात ती त्यामुळे. पण त्या रेल्वेनेही घाईची किंमत मोजलीय. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीने गाडी घसरली, पन्नासच्या वर माणसं गेली, आणि वर्षभरात करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला तसाच अपघात झाला. त्यानंतर मात्र रेल्वे शिकली. उभ्या कापलेल्या दरडींचे उतार कमी केले, पायऱ्यांसारखे टप्पे पाडले, जाळ्या लावल्या, पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवला, रात्रभर रुळांवर गस्तीची माणसं चालू लागली. वीस वर्षांपूर्वी शेजारच्या रुळांवर शिकलेला धडा बाजूच्या रस्त्याला का लागू झाला नाही? कारण रेल्वे ज्यांनी बांधली त्यांनाच ती चालवायची होती, दरड आली तर त्यांचीच गाडी अडणार होती. रस्ता बांधणारा बिल घेऊन पुढच्या कामाला जातो आणि दरड आमच्याकडे राहते.

इथे समोरच्यांचा सगळ्यात मोठा मुद्दा येतो आणि तो मी टाळणार नाही. ते म्हणतात, तुम्ही मोऱ्या मोजत बसा, तोपर्यंत रस्त्यावर माणसं मरतायत, उशीर हाच सगळ्यात मोठा गुन्हा आहे. हे खरं आहे, मनापासून खरं आहे. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र कोकणात कोण विसरलाय? महाडला सावित्रीवरचा १९२८ चा दगडी पूल पुरात गेला आणि त्याच्याबरोबर दोन एसट्या अंधारात नदीत गेल्या. पुढे कित्येक दिवस लोक खाडीच्या तोंडापर्यंत आपली माणसं शोधत होते. पण त्याच जागेवर नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, हेही तितकंच खरं. वरपासून खालपर्यंत सगळ्यांचं लक्ष असलं, पैसा अडला नाही आणि जबाबदारी एकाच्या गळ्यात असली की काम किती वेगाने होतं त्याचा हा पुरावा. मग सांगा, उरलेल्या हायवेची वर्षांवर वर्षं मोऱ्या बांधण्यात गेली का? अंडरपास जास्त दिले म्हणून गेली का? ती गेली कॉन्ट्रॅक्टर बदलण्यात, पैसे अडकण्यात, अर्धवट काम पुन्हा टेंडरला लावण्यात. चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधत असलेला उड्डाणपूलच कोसळला, नशिबाने जीव गेला नाही, पण तो मोडून परत करायला जो काळ गेला तो नीट काम करण्यात गेलेला काळ नव्हे. नीट करणं आणि लवकर करणं यात एकच निवडायचं असतं, असं आपल्याला उगाच पटवून दिलंय.

दुसरा मुद्दा आमच्यावरचा आरोप आहे, आणि त्यातही तथ्य आहे. कोकणी माणूस जमीन देत नाही, कोर्टात जातो, मोबदला वाढवून मागतो, मार्किंग झाल्यावर पडवी पुढे काढतो, रस्त्याच्या हद्दीत टपरी टाकतो. असं करणारे लोक माझ्या ओळखीत आहेत. एकेका सातबाऱ्यावर चाळीस नावं, त्यातली निम्मी विरार-नालासोपाऱ्याला, काही मयत, कुळाचा वाद आजोबांच्या वेळचा, आणि सही एकाची राहिली तरी काम अडतं. पण रेल्वे याच सातबाऱ्यांवरनं गेली ना? समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, तिथेही सुरुवातीला कडाडून विरोध झाला, मग गावोगाव माणसं बसवून थेट खरेदी केली, डिसेंबर २०२२ ला पहिला टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ ला शेवटचा. म्हणजे विचारत गेलं की जमीन मिळते. आणि समजा जमिनीमुळे चार ठिकाणी अडलं, तरी जिथे जमीन केव्हाच ताब्यात आली, जिथे रस्ता तयार आहे, तिथे सर्व्हिस रोड अर्धा का सोडला? तिथे एसटीच्या थांब्याला शेड का नाही? गटार बांधत आणून मध्येच का संपवलंय?

पलीकडे जाण्याचं तर कुणी बोलतच नाही. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्याला हा हायवे आहे, पण आम्हाला हा गावातला रस्ता आहे, अलीकडे घरं आणि पलीकडे शाळा, रेशन, देऊळ, पाणवठा, शेत. दोनपदरी होता तेव्हा दोन्हीकडे बघून माणूस पाच सेकंदांत पार व्हायचा. आता चार पदर, मध्ये डिव्हायडर, गाड्या शंभरच्या वेगाने, आणि गावाच्या वाट्याला एक मिडलकट, म्हणजे डिव्हायडरमध्ये ओलांडायला सोडलेली जागा, तो पण वळणावर. आमच्या शेजारच्या काकी सत्तरीच्या आहेत, दुधाची किटली घेऊन रोज पलीकडे जातात. डिव्हायडरमधल्या कण्हेरीच्या झाडांत एक फट पडलीय तिच्यातनं जातात, आधी दोन पदर ओलांडायचे, मग त्या झाडांना धरून उभं राहायचं, टँकर गेला की साडीचा पदर उडतो तो दातात धरायचा, आणि मग उरलेले दोन. मी एकदा म्हटलं, काकी, मिडलकटवरनं जावा. तर म्हणाल्या, "तिकडं पाऊण मैल जायाचं न पाऊण मैल येयाचं, दूध नासंल तवर." सिंधुदुर्गात आंदोलनं करून करून काही ठिकाणी बॉक्सवेल मिळाले, तिथे मुलं आणि गुरं रस्त्याखालनं सुखाने जातात. ते आंदोलनाने मिळवावे लागले हेच चुकीचं आहे. पूल बांधताना खालनं नदी जाणार हे इंजिनिअर गृहीत धरतो, मग गाव दोन्ही बाजूंना आहे तर रस्ता ओलांडून माणूस जाणार हे गृहीत धरायला काय अडचण होती?

आता नव्या एक्स्प्रेसवेकडे येतो. त्याच्या बाजूने बोलणारे मूर्ख नाहीत. ते म्हणतात आहे तो हायवे बाजारपेठांतनं जातो, तो कितीही रुंद केला तरी दहा-पंधरा वर्षांत पुन्हा भरणार, त्यापेक्षा वस्ती टाळून जाणारा नवीन रस्ता काढा, अवजड वाहनं तिकडे घाला. सप्टेंबर २०२२ मध्ये लांज्याजवळ अंजणारीच्या पुलावरनं गॅसचा टँकर खाली गेला आणि हायवे बंद पडला, असे टँकर वस्तीतनं जाऊ नयेत हे मलाही मान्य आहे. पण अशा रस्त्यांवर दुचाकीला आणि रिक्षाला बंदी असते, चढा-उतरायची सोय ठरावीक ठिकाणीच असते आणि वर टोल. आहे त्या हायवेवरच्या हातिवले आणि ओसरगावच्या टोलवरनं एवढी आंदोलनं का झाली? कारण शेजारच्या गावात जायला पण पैसे मोजायची वेळ येणार होती. म्हणजे एक्स्प्रेसवे झाला तरी आमची शाळा, आमचा दवाखाना, आमच्या आंब्याच्या पेट्या आहे त्याच हायवेवर राहणार, फक्त त्याच्याकडे बघणारं कुणी राहणार नाही. आणि पाण्याला आडवा असा आणखी एक भराव उभा राहणार. पहिल्या भरावाच्या मोऱ्या अजून जुळत नाहीत, तिथे दुसरा, सहा पदरी?

मला भीती वाटते ती आमच्या इतिहासामुळे. कोकणात जुनं काम अर्धं टाकून नवं जाहीर करायची पद्धत आजची नाही. आमच्या आजोबांच्या काळात भाऊच्या धक्क्यावरनं बोटी निघायच्या, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. १९४७ ला रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, तरी बोट चालू राहिली कारण दुसरा रस्ताच नव्हता. मग रस्ते आले आणि बोटी सुधारायच्या सोडून बंद पडू दिल्या. अंतुले मुख्यमंत्री असताना रेवस-रेड्डी सागरी मार्गाचं स्वप्न दाखवलं, त्याला चाळीस वर्षं उलटून गेली, सगळ्या खाड्यांवरचे पूल पुरे व्हायच्या आत पुढच्या घोषणा येत गेल्या. रेल्वे आली, तिचा दुसरा मार्ग २०२१ ला रोहा ते वीरपर्यंत झाला, पुढे बहुतेक सगळीकडे एकेरीच, आणि गणपतीच्या जादा गाड्या क्रॉसिंगला तासन् तास उभ्या. कोलाड ते गोव्यातल्या वेर्णापर्यंत ट्रक वाहून नेणारी रो-रो गाडी १९९९ पासून आहे, रस्त्यावरचे ट्रक कमी करायचा तो सगळ्यात स्वस्त उपाय, पण दुसरा रूळ नसेल तर त्या गाड्या वाढवणार कुठनं? प्रत्येक वेळी मागचं पुरं करायला पैसे नाहीत आणि पुढचं जाहीर करायला आहेत. हायवे आता त्याच वळणावर आहे, एक्स्प्रेसवेचं काम लागलं की उरलेल्या मोऱ्या आणि बॉक्सवेलसाठी कुणी आम्हाला दारात उभं करून घेईल असं तुम्हाला खरंच वाटतं?

म्हणून माझी मागणी एकच आहे आणि ती कुठल्याही पक्षाच्या माणसाला मान्य करता येईल. ज्या गावातनं हायवे गेलाय तिथलं काम पूर्ण झालं हे त्या गावच्या ग्रामसभेने दोन पावसाळे बघून ठरावाने सांगावं, आणि तो ठराव लागल्याशिवाय त्या तुकड्याचं शेवटचं बिल निघू नये. ज्या २०११ साली हे काम सुरू झालं त्याच साली माधव गाडगीळांच्या समितीने पश्चिम घाटाचा अहवाल दिला होता, त्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा मुद्दाम विचार होता आणि ग्रामसभेला विचारून पुढे जा असं सांगितलं होतं, तो अहवाल आपण बाजूला ठेवला. यावर लोक म्हणतात ग्रामसभेच्या हातात बिल दिलं तर गावपुढारी कॉन्ट्रॅक्टरला लुटतील. ही भीती खोटी नाही. पण काय काय तपासायचं त्याची यादी काम सुरू व्हायच्या आधीच ठरवून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावली, मोऱ्या किती आणि कुठे, दरडीचा उतार किती, ओलांडायची सोय कुठे, थांबे, दिवे, तर त्यात पुढाऱ्याला शिरायला जागा कमी राहते. आज सगळं बंद खोलीत ठरतं, तिथे काय होतं ते कुणाला दिसतं?

आमच्या वाडीची यादी मी केलीय. तात्यांच्या खाचराच्या वरच्या अंगाला बुजलेल्या दोन मोऱ्यांच्या जागा आम्ही बांबू रोवून दाखवल्यात, शाळेसमोर बॉक्सवेल हवा त्या जागेचे फोटो काढलेत, गटार संपतं तिथून पऱ्यापर्यंत किती फूट राहिलंय ते टेप धरून मोजलंय, एकशे चाळीस. पुढच्या ग्रामसभेत हे वाचून दाखवणार आहे, काकींनी पण येते म्हणून सांगितलंय.